घरच्या घरी : लुगड्याच्या मापाची वलणी

‘वलणी’ हा शब्द तुमच्यापैकी किती जणांच्या कानावरून गेलाय? परवा घरात जमलेल्या तीन कॉलेजवाल्यांना विचारलं. एकाने वळणाचा रस्ता सांगितला, दुसरीने वळणदार अक्षर. तिसऱ्याने फोन काढला, तेव्हा मीच सांगून टाकलं : कपडे वाळत घालायची दोरी किंवा आडवा बांबू, ती वलणी.

रावपुरा-दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांमध्ये अशा दोन वलण्या असायच्या. एक परसात, रोजच्या कपड्यांसाठी. दुसरी घरात, तुळईला दोन दोऱ्यांनी टांगलेला बांबू. ही सोवळ्याची. ती मुद्दाम उंच असे, येता-जाता कुणाचा हात लागू नये म्हणून. तिच्यावर कपडा टाकायला आणि काढायला एक लांब काठी भिंतीशी उभी असायची. सोवळं गेलं, तुळया गेल्या, घरांच्या जागी फ्लॅट आले आणि गॅलरीच्या छताला कप्पी-दोरीच्या दांड्या लागल्या. पण उंची काही खाली उतरली नाही. दोरी ओढून दांडी खाली आणा, कपडे घाला, परत दोरी ओढून वर चढवा. वाळत घालणाऱ्या माणसाचे हात डोक्याच्या वर जातात, हे इतकं गृहीत धरलेलं की त्याचा कुणी विचारच करत नाही.

आमच्याकडे तो करायची वेळ गेल्या जूनमध्ये आली. सासूबाईंचा उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी व्यायाम दिला, गोळ्या दिल्या आणि हात खांद्याच्या वर न्यायचा नाही असं बजावलं. सासूबाई 81 वर्षांच्या, उंची 4 फूट 10 इंच, आणि नेसण म्हणजे रोजचं सुती नऊवार. त्या ‘लुगडं’च म्हणतात. धुवायला मशीन चालतं, मशीनने पिळलेलंही चालतं. वाळत घालणं मात्र त्यांचं. ही हौस नव्हे, त्याला कारण आहे. ओलं असतानाच काठ ओढून सरळ करायचे, आडव्या सुरकुत्या हाताने काढायच्या, मग वाळलेल्या लुगड्याला इस्त्री लागत नाही. काठ एकीकडे ओढला गेला तर काष्टा नीट बसत नाही. हे सगळं मी तेहतीस वर्षं नुसतं बघत आलेय, आणि बघून येण्यातली ही गोष्ट नाही.

त्या जूनमध्ये मी म्हटलं, “आई, मी घालत जाईन तुमची लुगडी.” घातलीही चार दिवस. त्यांनी नावं ठेवली नाहीत. नावं ठेवणं हा त्यांचा स्वभावच नाही. पाचव्या दिवशी चहा पिता पिता म्हणाल्या, “अगं, मला एक-दोन गाऊनच आण बाजारातून. या वयात कशाला हवाय हा नऊ वारांचा पसारा?”

ज्या बाईला मी लग्न होऊन आल्यापासून नऊवाराशिवाय पाहिलेलं नाही (एकदा ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याचा झगा घातला होता, तेवढाच), ती हे बोलली. गाऊनमध्ये वाईट काहीच नाही, मी स्वतः घालते. पण हे गाऊन आवडला म्हणून नव्हतं. आपल्या लुगड्याचं ओझं सुनेवर नको, म्हणून होतं. गॅलरीतल्या एका दोरीपायी एवढी मोठी गोष्ट ठरावी, हे मला पटेना.

आधी बाजारातून घडीचा तयार स्टँड आणला. तुम्हीही बघितला असेल : बारीक नळ्या, प्लॅस्टिकचे सांधे, वर पंख पसरलेले. उंची बरी होती. पण त्याच्या नळ्या एकमेकींपासून जेमतेम 3 इंचांवर, आणि प्रत्येक नळी अडीच फुटांची. त्यावर नऊवार घालायचं तर आठ पदरी घडी करावी लागते. जुलैच्या हवेत ती घडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आतून दमट राहिली आणि तिला कुबट वास यायला लागला. कापड बराच वेळ ओलं राहिलं की त्यातले जंतू वाढतात, वास त्यांचा. धुतलेलं लुगडं पुन्हा धुवायचं, म्हणजे काम दुप्पट. तो स्टँड आता मोजे आणि रुमालांना ठेवलाय, त्या कामाला तो उत्तम आहे.

मग मी कागद घेऊन बसले. तुमच्यासाठी तो हिशेब इथे मांडते, कारण या सगळ्या खटपटीत शहाणपणाचा भाग तेवढाच आहे. बाकीची सुतारकी.

एक वार म्हणजे 3 फूट. नऊवार म्हणजे 27 फूट. पन्हा साधारण 45 इंच. आपल्याला हवंय काय, तर कापड कुठेही दुहेरी होऊन स्वतःलाच चिकटता कामा नये. म्हणजे लुगडं नागमोडी घालायचं : पहिल्या दांडीवरून खाली, खालून वळून दुसऱ्या दांडीवर, परत खाली, परत वर. प्रत्येक दांडीच्या दोन्ही बाजूंना एकेक उतार आला. पाच दांड्या घेतल्या तर दहा उतार. 27 भागिले 10, म्हणजे प्रत्येक उतार 2 फूट 8 इंचांच्या आसपास. दांड्या साडेतीन फूट उंचीवर असतील तर खाली जमिनीपासून 10 इंच मोकळे राहतात. बसलं की नाही गणित? सहा वारी साडीला याच उंचीवर तीन दांड्या पुरतात : सहा उतार, प्रत्येकी 3 फुटांचा, 18 फूट. तुमच्या घरात नऊवार नसेल तर तीनच करा, पण मधली जागा कमी करू नका.

ती जागा मी 6 इंच ठेवली. पाच दांड्या, चार फटी, 24 इंच. दोन्ही कडांना 3-3 इंच सोडून रुंदी 30 इंच. दांडीची लांबी 5 फूट, कारण पन्हा मावून दोन्ही अंगांना हात घालायला जागा हवी.

उंची मात्र कागदावर ठरली नाही. माझ्या धाकटीने आजीला उभं करून टेप लावला. “ब्लाऊज शिवतेस की काय?” आजी म्हणाल्या. त्यांचा खांदा जमिनीपासून जवळजवळ 4 फुटांवर आला. हात पुढे करून काठ ओढायचा तर तो खांद्याच्या खालीच राहायला हवा, म्हणून साडेतीन फूट. तुम्ही कराल तेव्हा तुमच्या घरात ती वलणी जो वापरणार त्याचं माप घ्या. घरातल्या सगळ्यात उंच माणसाच्या मापाने वस्तू बांधायची आपल्याला वाईट खोड आहे, कारण बांधणारा बहुधा तोच असतो.

आता लाकूड. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं, ते तुम्ही पाहिलंय. पाणी ओसरल्यावर मागच्या सोसायटीच्या फाटकाशी फर्निचरचा ढीग लागला होता. भुशाच्या बोर्डाची कपाटं पावासारखी फुगली होती. त्याच घरांतले सागाचे जुने पाट आणि स्टुलं मात्र आठवडाभर सावलीत वाळवून लोकांनी परत वापरायला घेतली. ज्या वस्तूवर रोज ओले कपडे पडणार ती भुशाच्या बोर्डाची करणं म्हणजे पैसे पाण्यातच घालणं. भरीव लाकूड घ्या. सागच पाहिजे असं नाही, पण भरीव हवं.

आमच्या माळ्यावर साग होताच. सासूबाईंच्या पलंगाचे मच्छरदाणीचे चार दांडे, दीड इंच चौकोनी, चार फुटांहून थोडे लांब. पलंग केव्हाच गेला, दांडे जुन्या चादरीत बांधून राहिले. मी भीत भीत विचारलं. म्हणाल्या, “पलंग दिला तेव्हा दांडे ठेवून घ्या म्हणून मीच सांगितलं होतं. कधीतरी कामाला येतील म्हणून. घे की.” ते चार झाले उभे खांब, 42 इंचांवर कापलेले.

दोन्ही टोकांना खांबांच्या जोडीवर एकेक आडवी पट्टी हवी, आणि तिच्यात दांड्या बसायला पाच खाचा. दोन पट्ट्यांच्या खाचा एकमेकींशी तंतोतंत जुळल्या नाहीत तर दांड्या तिरक्या बसतात. वेगवेगळ्या मापून केल्या तर थोडा फरक पडतोच, कितीही जपा. त्याला सुतारांची एक साधी युक्ती आहे. 4 इंच रुंद, 30 इंच लांब आणि इंचभर जाड अशी एकच फळी घ्यायची. तिच्या बरोबर मध्यरेषेवर, 6-6 इंचांवर पाच भोकं पाडायची, प्रत्येक सव्वा इंचाला जरा कमी. मग त्याच मध्यरेषेवरून फळी उभी चिरायची. दोन पट्ट्या हातात येतात, प्रत्येकीला पाच अर्धगोल खाचा, आणि दोन्ही एकमेकींच्या आरशातल्या.

भोकं आम्ही घरी ड्रिलला गोल करवतीचं तोंड लावून पाडली. ड्रिल धाकटीने चालवलं. फळीखाली टाकाऊ लाकडाचा तुकडा ठेवा, नाहीतर भोकाच्या मागच्या बाजूचं लाकूड उचकटतं. चिरायला फळी लाकडाच्या वखारीत नेली, जिला इथे आपण सगळे लातीच म्हणतो. मशीनवरचे भाई फळीकडे बघतच राहिले. “बेन, काणां कपाई जशे!” मी म्हटलं, “ए ज जोईए छे.” चिरून झाल्यावर त्यांनी दोन्ही पट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या आणि चिरायचे पैसे घेतले नाहीत.

इथे एक सांगून घेते. 1890 साली सयाजीरावांनी या गावात कलाभवन काढलं, दादासाहेब फाळके तिथे शिकले, हे आपण पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगतो. त्याच कलाभवनाचं पुढे विद्यापीठाचं इंजिनियरिंग कॉलेज झालं, आणि आपली निम्मी मुलं तिथून बाहेर पडतात. त्यातल्या किती जणांनी करवत हातात धरलीय? चिडू नका, मी फक्त विचारलं.

जोडणी. प्रत्येक टोकाला दोन खांब, वर खाचांची पट्टी, खाली जमिनीलगत तेवढीच 30 इंचांची साधी पट्टी. खांब पट्टीच्या टोकांपासून 6-6 इंच आत घेतले, म्हणजे ते दोन खाचांच्या बरोबर मधे येतात आणि दांड्यांच्या आड येत नाहीत. प्रत्येक सांध्याला फेविकॉल आणि दोन-दोन बोल्ट. एकच बोल्ट लावला तर सांधा त्याच्याभोवती फिरतो. गुण्या लावून काटकोन तपासल्याशिवाय बोल्ट आवळू नका. अशा दोन चौकटी झाल्या की त्या साडेचार फुटांच्या दोन आडव्या पट्ट्यांनी खालून जोडायच्या, जमिनीपासून 4 इंचांवर, म्हणजे वरून उतरलेल्या कापडाला त्या लागत नाहीत. हे जोड मात्र फेविकॉलशिवाय, हाताने फिरवायच्या पंखवाल्या नटांचे. चार नट काढले की सगळं सपाट होऊन कपाटामागे जातं.

एवढ्यावर ती उभी राहते, पण हलते. चौकोन हा स्वभावानेच हलणारा आकार. चार काड्या टाचणीने जोडून बघा, लगेच तिरका होतो. त्रिकोण होत नाही. म्हणून टेबलापासून पुलापर्यंत सगळीकडे तिरकी पट्टी दिसते. आमच्या वलणीलाही लांब बाजूला कोपऱ्यातून कोपऱ्यात एक तिरकी पट्टी दिली असती तर ती दगडासारखी उभी राहिली असती. पण लुगडं उतरतं नेमकं तिथूनच. पट्टी त्याच्या वाटेत येणार. म्हणून खालच्या चार कोपऱ्यांत खांब आणि आडवी पट्टी यांच्यामध्ये 8 इंचांचे लाकडी त्रिकोण बसवले. एकेक मोठा, चार लहान, गुण तोच. त्रिकोण पट्टीला कायमचा चिकटवलाय, आणि पंखवाल्या नटाचा बोल्ट त्रिकोणातून खांबात जातो, म्हणजे उघडताना वेगळं काही काढावं लागत नाही.

दांड्या लोखंडी घेऊ नका. गंजाचा डाग सुती कापडावरून सहजी जात नाही. मी पडद्यांसाठी मिळतात त्या स्टेनलेस स्टीलच्या इंचभर जाडीच्या पोकळ नळ्या घेतल्या, आणि टोकांना रबरी बुचं. बांबूही चालेल, सरळ आणि पक्का मिळाला तर. जाडीत कंजुषी नको आणि लांबीत हाव नको. दांडी दुप्पट लांब केली तर त्याच वजनाला ती मधे आठपट वाकते. सात फुटांची एकच दांडी करून सगळ्या घराचे कपडे घालू म्हणाल, तर आठवड्यात तिचं धनुष्य होईल.

लाकडाला पॉलिश पेपर मारून वॉर्निशचे दोन हात द्यायचेच. सागाचा तपकिरी रंग ओल्या पांढऱ्या कापडाला लागतो. खालच्या पट्ट्यांना रबराचे बूट. चाकं लावू का, असं घरात दोघांनी विचारलं. नाही. म्हातारं माणूस उभं राहताना जवळची वस्तू धरतं. धरलेली वस्तू पुढे पळाली तर काय होईल, ते सांगायला नको. खर्च दोन हजारांच्या आसपास आला, निम्म्याहून जास्त दांड्यांचा. खांबांचं लाकूड घरचं, हे धरून.

वलणी मागच्या खोलीत खिडकीशी ठेवली. पहिल्या दिवशी सासूबाईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली, खांबाच्या एका कोपऱ्यावरून बोट फिरवलं (तिथे जुन्या आकड्याचं भोक अजून आहे) आणि बादली मागितली.

घालायची पद्धत त्यांनीच बसवली. मी काढलेल्या चित्रात ती नव्हती. बादली अलीकडे, पदर पलीकडे. पदर पाचही दांड्यांवरून नेऊन शेवटच्या दांडीपलीकडे सोडायचा, मग तिकडे जाऊन तो हवा तेवढा खाली ओढून घ्यायचा. तिकडूनच शेवटच्या दोन फटींमध्ये कापड हाताने खाली सोडायचं, परत अलीकडे येऊन उरलेल्या दोन. बादलीतलं लुगडं आपोआप पुढे सरकत जातं. मग दोन्ही टोकांना उभं राहून काठ ओढायचे. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं. हात एकदाही खांद्याच्या वर जात नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या चालण्यातल्या चार फेऱ्याही त्यात होतात, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांना ते मान्य आहे की नाही, मी विचारलेलं नाही.

पावसाळ्यात टेबलफॅन लावायचा, पण तो दांड्यांच्या टोकाकडून. समोरून लावला तर पहिल्याच उताराला वारा लागतो आणि मागचे तसेच राहतात. टोकाकडून लावला की चारही फटींतून वारा बोगद्यासारखा आरपार जातो. वाळायला ऊन लागतंच असं नाही, ओली हवा हटायला हवी. जुलैत सकाळी आठला घातलेलं लुगडं दुपारच्या चहापर्यंत हाताला कोरडं लागायला लागलं.

गाऊनचा विषय परत निघाला नाही. मीही काढला नाही. खांदा बराचसा सुटलाय, तरी गॅलरीतल्या दोरीकडे त्या परत गेलेल्या नाहीत. तिकडे आता आम्हा बाकीच्यांचे कपडे असतात. तिच्यावर एका वेळी किती मावतं हे मुलांनी केव्हाच हेरलंय : पाच दांड्या, साडेबावीस फूट मोकळी जागा. त्यामुळे रात्री जीन्स, टॉवेल, क्रिकेटचे पांढरे कपडे गुपचूप येऊन पडतात. जीन्सचा निळा रंग लुगड्याला लागला तर कुणाची धडगत नाही, हे माहीत असूनही. त्यावर सासूबाईंचा एक नियम आहे आणि त्याला अपील नाही : सकाळी सातच्या आत सगळं उचलायचं. सात वाजून गेल्यावर जे सापडेल ते त्या घडी न करता ज्याच्या त्याच्या उशीवर ठेवतात, ओलं असेल तर ओलं.